उजव्या कौलाची मेंढरं

१

बुधवारी सकाळी विजयमालाने दार उघडलं, तेव्हा उंबऱ्यावर मेलेली मेंढी पडलेली होती. अंगावर चावा नव्हता, तोंडाला फेस नव्हता. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता आणि दोन्ही कान मुळापासून कापून नेलेले होते.

विजयमाला ओरडली नाही. मेलेल्या प्रत्येक जनावराची नोंद ती वहीत करायची, म्हणून तिने आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली. पेटी जागेवर होती. आतली वही गेली होती.

मला हे दुपारी कळलं. मी तेव्हा कोरेगावला भावाच्या उसात उभी होते. कार्तिकात त्या रानात आकाराम नावाच्या धनगराने मेंढरं बसवली होती, लेंडीखताने खोडवा कसा तरारला आहे ते भाऊ मला कौतुकाने दाखवत होता. माझं नाव क्रांती. सरकारी सांख्यिकी खात्यात अडतीस वर्षं कोष्टकं भरली, आता निवृत्त आहे. घरात मला कोणी फारसं विचारत नाही, त्यामुळे भाचीचा फोन आला की मी उसातसुद्धा उचलते.

समीक्षा भावाची मुलगी, पशुवैद्य आहे. मेंढ्यांच्या जंतांवरच्या एका नव्या औषधावर तिचं संशोधन चाललेलं. आटपाडीपासून अकरा किलोमीटरवरच्या एका वाडीतले सोळा कळप तिने निवडले होते. आठ कळपांना नवं औषध, आठांना नेहमीचं जुनं. पहिला डोस दसऱ्याला, दुसरा माघात. पाजायचं काम विजयमालाचं. ती वाडीची पशुसखी, म्हणजे जनावरांचं साधं औषधपाणी शिकलेली बाई.

"दुसऱ्या डोसपासून तीन आठवड्यांत एकेचाळीस मेंढरं मेली, आत्या. सगळी नव्या औषधाच्या कळपांतली."

"मग औषध वाईट आहे."

"हेच औषध दुसऱ्या तालुक्यात दोन हजार मेंढरांना दिलंय. एकही मेलं नाही. म्हणून वाडी म्हणते, विजयमालानंच त्यात काहीतरी कालवलं. ती शिकायला गेली तेव्हा सगळे हसले होते, त्याचा राग काढला म्हणतात."

"आणि तू काय म्हणतेस?"

ती म्हणाली, "रविवारी देवळात तिला भंडारा उचलायला लावणार आहेत, म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ. शपथ घेतल्यावर पाच दिवसांत वाडीत एक जरी मेंढरू मेलं, तरी शपथ खोटी ठरते. मग तिला वाडीत राहता येणार नाही. आत्या, मेंढरं मरणारच आहेत. मी रोज बघतेय."

२

गुरुवारी पोचले. वाडीत शिरताना पहिली गोष्ट लक्षात आली ती शांतता. माघात वाडीच्या बिरोबाची यात्रा असते, बाहेर गेलेले सगळे कळप त्यासाठी घरी येतात. एवढी मेंढरं एका जागी असली की कान किटायला हवेत. इथे कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. बायका आम्हाला बघून दारं लोटून घेत होत्या, आणि विजयमालाच्या दारावर कोणीतरी करणीच्या संशयाने काळ्या दोऱ्यात बिब्बा टांगून गेलं होतं.

विजयमाला तिशीची, काटक. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या कामाला दूर तमिळ मुलखात, घरात ती आणि सासरा, दोघंच. सासरा गुंडा आबा ओसरीवर लोकर कातत बसला होता. तोच देवाचा पुजारी. चाळीस वर्षं वाडी त्याच्या शब्दावर चालते, असं समीक्षाने वाटेत सांगितलं होतं.

"वही कोणी नेली असेल?" मी विचारलं.

"भायेरचं कोन येतंय घरात? लोक म्हनत्यात म्याच जाळली." तिने पदराने नवी वही पुसून माझ्यापुढे ठेवली. "ही कालपास्नं नवी घातली."

पहिल्या पानावर ठळक अक्षरात 'श्री बिरोबा प्रसन्न' आणि खाली एकच ओळ: बुधवार, उंबऱ्यावर मेंढी एक, मालक माहीत नाही.

"तुमची स्वतःची मेंढरं?"

"नऊ मेली. त्यावर बी म्हनत्यात, संशय येऊ नये म्हून आपलीच मारली. मानसाला बोलायला काय लागतंय."

"नवं औषध कुणाला, जुनं कुणाला, हे कसं ठरवलं?"

"चिठ्ठ्या टाकल्या की," समीक्षा मध्येच म्हणाली. "मी तशाच सूचना दिल्या होत्या. हिनं मला यादी पाठवली."

विजयमालाने ओसरीकडे पाहिलं. ओसरीवर धागा क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

समीक्षाने तिचं कोष्टक मला दाखवलं. नवं औषध: आठपैकी सात कळपांत मृत्यू. जुनं औषध: आठपैकी एकाही कळपात नाही. अडतीस वर्षांत इतकं स्वच्छ कोष्टक मी पाहिलं नव्हतं, आणि स्वच्छ कोष्टकाची मला भीती वाटते. आमच्या खात्यात एक नवखा साहेब आला होता. त्याने सिद्ध केलं होतं की ज्या गावांत टँकर जास्त जातात त्या गावांत पाणी कमी असतं. आता टँकर गावाचं पाणी पितो असं कोणी म्हणेल का? दोघांच्या मागे दुष्काळ उभा होता, आणि साहेबाच्या कागदावर दुष्काळाला रकानाच नव्हता.

"मेंढ्या कापून बघितल्यास?"

"कावीळ. लघवी काळी-तांबडी. मूत्रपिंडं अशी निळी-काळी, की बाबांच्या बंदुकीच्या नळीची आठवण झाली. यकृत पार खराब. नवं औषध यकृतावर थोडं जड असतं, म्हणून मी प्रयोगशाळेला तेवढंच तपासायला सांगितलं."

"म्हणजे तुला जे वाटत होतं तेच तू विचारलंस."

तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण मी शब्द मागे घेतला नाही. उंबऱ्यावरची मेंढी तिने काल कापून ठेवली होती. तिचंही आत सगळं तसंच होतं.

"हिचे कान का कापले असतील?" मी विचारलं.

विजयमाला म्हणाली, "कानावर खूण असती. परत्येक घराची येगळी. कोकरू असताना कान कातरत्यात, जन्मभर ऱ्हाती."

"आतापर्यंत मेलेल्यांचे कान कोणी कापले होते?"

"कुनीच न्हाई. उलट कान धरून मला दाखवत्यात, बघ म्हनून, आमचं मेलं."

मी नव्या वहीतली ती एक ओळ पुन्हा वाचली. एकेचाळीस वेळा मालकांना आपलं मेलेलं जनावर मोजून हवं होतं. बेचाळिसावं मोजलं जाऊ नये, असं कुणाला तरी वाटत होतं.

३

कोष्टकात सगळे सातांकडे बघतात. मी आठव्याकडे गेले.

नवं औषध मिळूनही ज्यांचं एकही मेलं नाही, त्या रंगुबाई. विधवा, वय साठ-पासष्ट, पंचावन्न मेंढरं. बाभळीच्या शेंगा झोडत होत्या. मेंढरं पायात घुटमळत होती, डोळे स्वच्छ, चालणं ताजं.

"म्या काय जादू केली न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "लोक माज्याकडं बी वाकडं बघाय लागल्यात. हिचीच का वाचली म्हनं."

"तुम्ही औषध पाजलं होतं ना?"

"पाजलं की. दोन्ही डाव. इजू समोर बसून पाजती, सुट्टी न्हाई देत. लय गुनाची पोर. तिनं इख घातलं आसतं तर माजी का ऱ्हायली आसती?"

"हे तुम्ही सगळ्यांना सांगितलंत?"

"सांगितलं. म्हनत्यात, तुजी तिची दोस्ती. तुला पानी पाजलं आसंल तिनं." त्यांनी काठी बाजूला ठेवली. "आवं बाई, यंदा माजं कायच धड झालं न्हाई. सुनंचं पोट पुढं आलेलं, पोरगं फौजंत. तवा मेंढरं घिऊन मी कुटं हाललेच न्हाई. हितंच बाभळीखाली काढलं साल."

समीक्षाने हे वहीत लिहून घेतलं आणि लगेच पुढचं नाव बघायला लागली. तिच्या फॉर्मवर प्रश्न होता: स्थलांतर करता का? सगळ्यांनी 'व्हय' म्हटलं होतं, रंगुबाईंनीसुद्धा, कारण त्या दरवर्षी करतातच. यंदा गेलात का आणि गेलात तर कुठे, याला फॉर्मवर जागा नव्हती.

निघताना रंगुबाई माझ्या मागे फाटकापर्यंत आल्या. आजूबाजूला बघून हळू म्हणाल्या, "आयतवारी इजूला भंडारा उचलू दिऊ नगा. सोमवारी समदी लोकर कातरनार हायती. पंधरा दिसांमागं थोड्यांची कातरली तवा दुसऱ्या दिशी अकरा पडली हुती."

म्हणजे रविवारी शपथ, सोमवारी कातरणी, मंगळवारी मरण. कुणाच्या मनात कपट असो वा नसो, ती बाई अडकणार होती.

४

शुक्रवारी जुन्या औषधाची घरं घेतली. सगळीकडे तेच उत्तर: आमचं एक बी न्हाई मेलं, देवाची किरपा. बोलताना छाती थोडी पुढे यायची. फक्त ज्योतिबाच्या घरी ती आली नाही.

ज्योतिबा चाळिशीचा, दांडगा गडी. आम्हाला बसायलाही म्हणाला नाही.

"किती मेंढरं?"

"साठ."

"दसऱ्याला किती होती?"

"साठच. मोजा की पायजे तर."

मी मोजायला लागले, कारण मोजण्याची मला खोड आहे. साठ भरली. पण मोजताना दुसरंच दिसलं. बारा-चौदा मोठ्या मेंढ्यांच्या कानांवर ओल्या खपल्या होत्या, माश्या घोंगावत होत्या. कान कोकरू असताना कातरतात, असं विजयमाला म्हणाली होती. चार दातांच्या, म्हणजे दोन वर्षांच्या मेंढीचा कान आता कशाला कातरायचा?

कुडाच्या कडेला निळ्या प्लास्टिकचं एक पिंप होतं, पाणी भरलेलं. आतल्या अंगाला हिरवट-निळे ओघळ वाळले होते. समीक्षाने वाकून एक ओघळ खरवडला आणि बोटाकडे बघत राहिली.

"यंदा मेंढरं कुठे नेली होती?" मी सहज विचारलं.

"कोरेगावला. उसाच्या रानात."

"कोरेगाव माझं माहेर. कुणाच्या रानात बसवलीत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग कमी आणि भीती जास्त होती. "सारखं सारखं काय इचारता? हितं मानसं मरायला टेकल्यात अन् तुमी गावाची नावं लिवत बसल्याय. आयतवारी काय व्हायाचं ते व्हईल. जावा आता."

आम्ही फाटकाबाहेर पडलो तेव्हा तो पिंप उलटं करत होता. पाणी अंगणभर पसरलं. आटपाडीच्या मुलखात भरलेलं पिंप कोणी असं ओतत नाही.

५

आकारामचं घर वाडीच्या टोकाला. भावाच्या रानात मेंढरं बसवली होती तोच हा, आणि समीक्षाच्या जुन्या औषधाच्या यादीत पाचवा. मला पाहून त्याला आनंद झाला. चहा आला.

"तुमच्याबरोबर कोरेगावला आणखी कोण होतं?"

त्याने बोटांवर मोजत सहा नावं घेतली. सहाही जुन्या औषधाची. तो धरून सात.

"आणि ज्योतिबा?"

"त्यो आमच्यात न्हवता. वाटंतच म्हनला, मी मागनं येतो. आलाच न्हाई." त्याने आवाज खाली आणला. "आमी म्हटलं, जाऊ द्या. कुनाचं उघडं कशाला करा. डावा कौल पडल्यावर तिकडं जानं म्हंजी..."

"कसला कौल?"

समीक्षाने कप खाली ठेवला. आकाराम तिच्याकडे, मग माझ्याकडे बघून गोंधळला. आम्हाला ठाऊक असेल असं त्याला वाटलं होतं.

दसऱ्याला निघायच्या आधी वाडी बिरोबाला कौल लावते. ओलं फूल देवाच्या दोन्ही खांद्यांना चिकटवतात. पुजारी सवाल घालतो. उजवं फूल आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. यंदा तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांनी पहिल्यांदाच बोलावणं धाडलं होतं: छाटणीच्या वेळचा पाला खायला घाला, बागेत खत पडू दे. नवी वाट, म्हणून घराघरासाठी वेगळा कौल. उजवा पडला त्यांनी बागांकडे जायचं, डावा पडला त्यांनी नेहमीसारखं कोरेगावला.

"अन् त्याच दिशी इजू आवशद घिऊन आली. चिठ्ठ्या करते म्हनली. आबा म्हनले, चिठ्ठ्या कशाला, देवानं निवाडा दिलाय की. उजव्याला नवं, डाव्याला जुनं."

मी समीक्षाकडे पाहिलं. तिचा रंग उडाला होता. तिच्या कागदावर जे औषध होतं, त्याच्या मागे सगळा वेळ वाट उभी होती. नवं औषध मिळालेलं प्रत्येक घर बागांकडे गेलं होतं, फक्त रंगुबाई सोडून. जुनं औषध मिळालेलं प्रत्येक घर कोरेगावला गेलं होतं, फक्त ज्योतिबा सोडून. औषध आणि वाट यांची अशी मोट बांधलेली की आतलं कोण मारतंय ते दिसतच नव्हतं. ती मोट फक्त त्या दोघांनी सोडवली होती, एकीने सुनेपायी आणि एकाने लपून.

"मोरचूद," समीक्षा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "द्राक्षांवर पावसाळाभर मोरचूद-चुन्याचं पाणी मारतात. मोरचूद म्हणजे तांबं. पिंपात तेच होतं, बागेतलं फवारणीचं पिंप. गाईला, शेळीला तेवढं तांबं पचतं. मेंढीला नाही. ते यकृतात साठत राहतं, दोन-दोन महिने जनावर धडधाकट दिसतं. मग लांबची चाल, कातरणी, धरून औषध पाजणं, कसलाही ताण आला की सगळं एकदम रक्तात उतरतं. कावीळ, काळी लघवी, बंदुकीच्या रंगाची मूत्रपिंडं. आत्या, हे मी परीक्षेत लिहिलंय."

"मग ओळखलं का नाहीस?"

"पाला दसऱ्यानंतर खाल्ला आणि मेंढरं माघात मेली. मधे औषध होतं. मला औषधच दिसलं."

तिने दोन यकृतांचे तुकडे बर्फात घालून त्याच दुपारी सांगलीच्या मैत्रिणीकडे पाठवले. एक नव्या औषधाच्या कळपातलं, एक उंबऱ्यावरच्या मेंढीचं. या वेळी तिने तांबं विचारलं होतं.

६

शनिवारी दुपारपर्यंत उत्तर आलं. दोन्हींत तांबं मापाच्या कित्येक पट. पण सांगलीचा कागद घेऊन वाडीपुढे उभं राहणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तासगावची बाग आणि मेंढरांचं मरण यांची गाठ दाखवायला कौलावर औषध वाटल्याचा पुरावा हवा होता, आणि तो असला तर वहीतच असणार होता.

आतापर्यंत सगळे, मीसुद्धा, धरून चाललो होतो की मेंढी टाकणारा आणि वही नेणारा एकच. एका रात्रीत दोन गोष्टी घडल्या, एवढाच त्याला आधार. म्हणतात ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली. मेंढी ज्योतिबाची होती. डावा कौल मोडून तो बागांकडे गेला, मेंढरं मरायला लागली, देवाचा कोप म्हणून त्याने ती पुरली. बाजारातून नवी आणून त्यांचे कान कातरले, साठाची साठ भरून ठेवली. एक मेंढी पुरायला वेळ मिळाला नाही तेव्हा कान छाटून विजयमालाच्या दारात टाकली, दुसऱ्याच्या खाती खपेल म्हणून. पण तो घराच्या आत गेला नव्हता. माळ्यावरची पेटी त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

मी विजयमालाला एकटीला गाठलं. "वहीत वाटपाबद्दल काय लिहिलं होतंस?"

तिचे डोळे भरले. "खरं तेच. 'चिठ्ठीऐवजी देवाचा कौल.' मला वाटलं, चिठ्ठी काय अन् फूल काय, दोन्ही नशिबाचंच. ताईंना सांगू नगं म्हनले मामंजी, शेरातल्या लोकास्नी कळत न्हाई. मंगळवारी ताईंनी फोनवर वही मागितली. मामंजी तितंच हुते."

"जुन्या वहीच्या पहिल्या पानावर काय होतं?"

"हेच. 'श्री बिरोबा प्रसन्न'."

मग शोधायला वेळ लागला नाही. घरात दुसरा माणूस गुंडा आबाच, आणि देवाचं नाव असलेला कागद पुजारी जाळणार नाही, फाडणार नाही, उकिरड्यावर टाकणार नाही. तो पाण्यात सोडतात, आणि सोडेपर्यंत एकाच ठिकाणी ठेवतात. देवळाच्या मागच्या कोनाड्यात निर्माल्याची पाटी होती. सुकलेल्या फुलांखाली हात घातला तेव्हा वहीचा पुठ्ठा लागला. गुंडा आबा यात्रेनंतर ती पाटी कालव्यात सोडणार होता.

मी वळले तेव्हा तो दारात उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. उजेड त्याच्या मागे होता, म्हणून चेहरा दिसत नव्हता.

"त्यात इजूचा दोष न्हाई, मला ठावं हाय," तो म्हणाला.

"मग उद्या तिला भंडारा उचलायला लावणार?"

"तुमी म्हनताय पोरीला वाचवा. पन मग मारलं कुनी? देवानं उजवं दिलं त्यांची मेली, डावं दिलं त्यांची ऱ्हायली. हे लोकास्नी कळलं तर चाळीस वर्सं म्या काय सांगत आलो?" तो बाजूला झाला. "वही तुमच्या हातात हाय. मी हिसकनार न्हाई. पन आख्ख्या वाडीचा देव घिऊन चाललाय तुमी, एवढं ध्यानात ठेवा."

मला त्याचा संताप आला होता. वही छातीशी धरून मी त्याच्या बाजूने बाहेर पडले.

७

रविवारी सकाळी सगळी वाडी देवळापुढे जमली. परातीत भंडारा. विजयमाला ओल्या केसांनी उभी होती, ओठ पांढरे पडलेले. नवऱ्याचा फोन आला होता, तो म्हणाला होता की आबा सांगतील तसं कर.

ती परातीपाशी जाणार तेवढ्यात वही हातात घेऊन मी पुढे झाले. म्हटलं, शपथ नंतर, आधी मला एक मोजणी करायची आहे. म्हातारी बाई आहे, करू द्या. काही जण हसले, आणि हसल्यामुळे अडवायचं विसरले.

"नवं औषध मिळालं ते लिंबाखाली या. जुनं ते भिंतीपाशी." आठ घरं इकडे, आठ तिकडे. "आता ज्यांची मेंढरं मेली त्यांनी हात वर करा."

लिंबाखाली सात हात वर गेले. भिंतीपाशी एकही नाही. लोकांत कुजबुज उठली आणि सगळे विजयमालाकडे बघायला लागले. समीक्षाने माझा दंड धरला.

"आता औषध विसरा. जे तासगावच्या बागेत गेले त्यांनी लिंबाखाली राहा. जे गेले नाहीत ते भिंतीकडे जा."

रंगुबाई लुगडं सावरत लिंबाखालून निघाल्या आणि सावकाश भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी वाट बघत राहिले. भिंतीपासून लिंबापर्यंत वीस पावलं असतील.

"आणखी एक जण चुकीच्या जागी आहे," मी म्हणाले. "त्यांच्या मेंढ्यांच्या कानांच्या खपल्या अजून ओल्या आहेत."

ज्योतिबा भिंतीला पाठ लावून उभा होता. आकारामने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "जा रं गड्या. त्या पोरीच्या जिवाचा परश्न हाय." ज्योतिबा मान खाली घालून वीस पावलं चालला. लिंबाखाली पोचल्यावर त्याने न विचारता हात वर केला.

"चौदा मेली माजी," तो म्हणाला. "जुनं आवशद पाजून बी. त्या दिशी मेंढी तिच्या दारात म्याच टाकली."

आता लिंबाखाली आठ घरं होती आणि आठांचे हात वर होते. भिंतीपाशी एकाचाही नव्हता. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. समीक्षाने मोरचूद म्हटलं, तेव्हा बागेत गेलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पानांवरचा निळा थर त्या सगळ्यांनी हाताने पुसला होता.

मग कोणीतरी मागून विचारलंच. "पन बागंत जा म्हनून सांगितलं कुनी? उजवं फूल दिलं कुनी?"

सगळे गुंडा आबाकडे बघत होते. तो परातीपाशी गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी भंडारा उचलला.

"सुनंनं कायबी केलं न्हाई. वही म्या लपवली," तो म्हणाला. "देवाला सवाल येकच घातला व्हता, ह्या घरानं बागंकडं जावं का. आवशदाचं म्या त्याच फुलावर भागवलं. येका फुलावर दोन सवाल. ती चूक माजी. पन बागंचं..." हातातला भंडारा बोटांतून सांडायला लागला.

तेव्हा भिंतीकडून रंगुबाई बोलल्या. "आबा, माजं बी फूल उजवंच पडलं व्हतं. सुनंचं पोट बघितलं अन् म्या गेले न्हाई. देव काय कोपला न्हाई. पंचावन्न मेंढरं हायत."

म्हातारा तिथेच पायरीवर बसला. त्याला उठवायला कोणी गेलं नाही, आणि त्याला बोललंही कोणी नाही.

समीक्षाने कातरणी महिनाभर बंद करायला लावली. मेंढरं पळवायची नाहीत, तो पाला खाल्लेल्यांना धरायचंसुद्धा नाही. तरी गुरुवारपर्यंत सहा मेली. सहाही लिंबाखालच्या घरांतली. विजयमालाच्या दारावरचा बिब्बा कोणीतरी काढून नेला होता.

मी निघाले त्या दिवशी ती ओसरीवर जुनी वही उघडून बसली होती. पट्टी घेऊन तिने प्रत्येक पानावर एक नवी उभी रेघ मारली आणि वर लिहिलं: यंदा रान कुठलं. मग ती सासऱ्यासमोर जाऊन बसली. चार दिवसांत दोघांत शब्द झाला नव्हता. पहिलं नाव त्यांच्याच घराचं होतं.

"मामंजी, दसऱ्यानंतर मेंढरं कुटं हुती?"

"तुला ठावं हाय की."

"मला ठावं हाय. तुमी सांगायचं, म्या लिवायचं."

गुंडा आबाने लोकर खाली ठेवली. "तासगाव," तो म्हणाला. "बागंत. पाला म्याच चारला, हातानं."

तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि पान उलटलं.